एकाच सोप्यावर दोन डॉक्टर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसांच्या डॉक्टरांना,

सीपीआर रुग्णालयाच्या ओपीडीत बसणाऱ्यांना, प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, गावोगावी स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्यांना आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या अध्यापक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी जनावरांची डॉक्टर. गेली बावीस वर्षं करवीर आणि राधानगरी तालुक्यांतल्या गोठ्यांतून फिरते. तुम्ही जाता त्याच घरांत मीही जाते. तुम्ही पुढच्या दारानं सोप्यावर येता, मी मागच्या परड्यातून गोठ्यात शिरते. तुमची माझी गाठ पडते ती लग्नकार्यात, नाहीतर पेट्रोल पंपावर. पेशंटच्या निमित्तानं बावीस वर्षांत एकदाच पडली. तीही सात महिने उशिरा.

भोगावतीकाठचं एक गाव. घरात सासू-सासरे, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि तीन म्हशी. एके दिवशी पहाटे फोन आला, "डॉक्टरबाई, म्हस गाभडली बगा. वार बी पडंना." मी पोचले तेव्हा दिवस नुकता उजाडत होता. आठवा महिना चालू असलेली म्हैस, गाभ मेलेला पडलेला, वार आत अडकलेली. मी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि कामाला लागले. सून शेजारी उभी होती. तिनं एका हातानं म्हशीची शेपटी धरली होती, दुसऱ्या हातात बॅटरी. काम झाल्यावर तिनंच ते मेलेलं रेडकू आणि वार उघड्या हातांनी घमेल्यात भरली आणि परड्यात केळीच्या बुडाशी नेऊन पुरली. परत आली, हात पदराला पुसले आणि माझ्यासाठी चहा ठेवला. तो चहा मी प्याले. माझ्या हातात मोजा होता आणि तिच्या हातात नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. बायका हे काम असंच करतात आणि मी ते असंच बघत आले होते.

म्हशीच्या रक्ताचा नमुना घ्यायला हवा होता. आठव्या महिन्यात गाभ जातो तेव्हा पहिला संशय ब्रुसेलाचा, म्हणजे जनावरांचा गाभ पाडणाऱ्या जंतूचा, घ्यायचा, हे आम्हाला कॉलेजातच शिकवलेलं असतं. त्या दिवशी पुढं दोन कॉल होते, पेटीत बर्फ नव्हता, पुढच्या खेपेला घेऊ म्हणून मी निघाले. पुढच्या खेपेला म्हैस बरी होती आणि नमुना राहून गेला.

साधारण महिन्यानं सुनेला कणकण सुरू झाली. सांजच्याला ताप चढायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, सकाळी उठून ती परत वैरणीला जायची. गावातल्या डॉक्टरांनी विडाल तपासली, टायफॉईडचा कोर्स दिला. ताप उतरला, पंधरा दिवसांनी परत आला. मग कंबर धरली. मग कोल्हापूर, एक्स-रे, एमआरआय, मणक्याचा टीबी असावा म्हणून गोळ्या. मुलांना तिच्या माहेरी पाठवलं. धार काढायला सासू बसू लागली.

त्या सात महिन्यांत मी त्या घरी चार वेळा गेले. म्हैस उलटत होती, म्हणजे तिला गाभ राहत नव्हता, त्यासाठी. चारही वेळा ती मला सोप्यावर भिंतीला टेकून बसलेली दिसली. मी विचारायचे, "बरं हाय का गं?" ती म्हणायची, "टायफॉईड हाय म्हणत्यात, बाई." आणि मी मागं गोठ्यात जायचे. पाचव्या वेळी मी म्हशीचं कार्ड मागितलं. सासऱ्यांनी कोनाड्यातून सगळंच बाहेर काढलं. सुनेची जाडजूड फाईल, तिच्यात खोचलेला एमआरआय, आणि त्याच फाईलच्या पोटात म्हशीचं कार्ड. कार्डावर माझ्याच अक्षरात गाभ गेल्याची तारीख होती. फाईलच्या पहिल्या पानावर ताप सुरू झाल्याची तारीख होती. दोन्हींत सव्वीस दिवसांचं अंतर होतं. मी तिथंच दगडावर बसले.

माणसाची तपासणी करायचा मला अधिकार नाही. मी एक चिठ्ठी लिहिली: या घरातली म्हैस अमुक तारखेला आठव्या महिन्यात गाभडली, रुग्णानं वार व मृत गर्भ उघड्या हातांनी हाताळला आहे, कृपया ब्रुसेलोसिसच्या दृष्टीनं तपासावं. खाली सही आणि फोन नंबर. चिठ्ठी घेऊन तिचा नवरा कोल्हापूरला गेला. चार दिवसांनी त्या डॉक्टरांचा फोन आला. तपासणी पॉझिटिव्ह होती. ते म्हणाले, "मॅडम, माझ्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी पहिल्यांदा आली." मी म्हणाले, "माझीपण पहिलीच आहे लिहायची."

औषधं नवी नव्हती. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, सहा आठवडे. आता ती उभी आहे, धारेला बसते, मुलं परत आलीत. त्या घरच्या तिन्ही म्हशींचं रक्त मी नंतर तपासून घेतलं. दोन पॉझिटिव्ह निघाल्या.

तुमच्यापैकी कुणाला दोष द्यायला ही गोष्ट सांगितलेली नाही. संध्याकाळचा ताप, घाम, वजन उतरणं, कंबरदुखी असं घेऊन बाई आली तर टायफॉईड आणि टीबी आधी सुचणार, आपल्या देशात ते सुचायलाच हवेत. दोष असलाच तर आधी माझा, कारण निदानाचा अर्धा भाग माझ्या पेटीत होता आणि मी तो घेऊन त्याच घरात ये-जा करत होते. तुमच्याकडं ताप होता, माझ्याकडं गाभ. दोन्ही एका टेबलावर यायला सात महिने लागले, तेही एका सासऱ्यानं सगळे कागद एकाच फाईलमध्ये ठेवले म्हणून.

या आजाराचा इतिहासही असाच आहे. डेव्हिड ब्रूस हा ब्रिटिश लष्करातला डॉक्टर. माल्टा बेटावर तापानं मरणाऱ्या सैनिकांच्या प्लीहेत त्याला १८८७ साली जंतू सापडला. जंतू सापडला, पण तो सैनिकांत येतो कुठून हे कळायला अठरा वर्षं गेली. लोक हवेला दोष देत होते, सांडपाण्याला देत होते. १९०५ साली थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं. अंगानं धडधाकट, भरपूर दूध देणाऱ्या शेळ्या, आणि रक्त सांगत होतं की जंतू त्यांच्यात आहे. पुढच्या वर्षी लष्करानं शेळीचं दूध बंद केलं आणि छावणीतला ताप झपाट्यानं ओसरला. तिकडं डेन्मार्कमध्ये १८९७ साली बर्नहार्ड बँगला गाभडणाऱ्या गाईंत दुसरा जंतू सापडला. एक जंतू माणसांच्या डॉक्टरांच्या कपाटात, एक जनावरांच्या डॉक्टरांच्या कपाटात. दोन्ही शेजारी ठेवून बघावेत असं एकवीस वर्षं कुणाला वाटलं नाही. ते १९१८ साली अ‍ॅलिस इव्हान्स या अमेरिकन बाईनं केलं. ती ना डॉक्टर होती ना पशुवैद्यक, दुधातल्या जंतूंवर काम करायची. हे दोन्ही जंतू अगदी जवळचे नातलग आहेत आणि कच्च्या दुधातून माणसाला धोका आहे, असं तिनं सांगितलं. कित्येक वर्षं तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. १९२२ साली प्रयोगशाळेत काम करताना तिला स्वतःलाच हा आजार झाला आणि तो तिला वर्षानुवर्षं छळत राहिला.

शंभर वर्षांपूर्वी जे एकत्र बघितलं गेलं, ते आपल्या जिल्ह्यात अजून दोन फायलींत आहे.

कोल्हापूरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपला जिल्हा दुधावर उभा आहे. बारा तालुके, आणि बाराही तालुक्यांत पहाटे साडेपाचला दूध संस्थेसमोर किटल्यांची रांग. उसाचं बिल वर्षातून एकदा येतं, दुधाचं दर दहा दिवसांनी. घरची मीठ-मिरची, पोरांची फी, सगळं त्या बिलावर चालतं. त्यामुळं माणूस आणि जनावर इथं जितके जवळ राहतात तितके शहरातल्या डॉक्टरांना कल्पनेतही येणार नाहीत. हिवाळ्यात रेडकू सोप्यावर बांधतात. म्हैस विणार असेल त्या रात्री घरातलं कुणीतरी गोठ्यात झोपतं.

आपल्याकडं घरोघरी दूध उकळूनच पितात, ही आपली मोठी ढाल आहे. पिशवीतलं पाश्चराइज केलेलं दूधही सुरक्षित असतं, कारण ७२ अंशांवर पंधरा सेकंदांत हा जंतू मरतो. त्यामुळं दुधातून होणारा आजार म्हणून तुम्ही याला विसरलात तर ते समजण्यासारखं आहे. पण गोठ्यात तो दुधाच्या वाटेनं फारसा येत नाही, हातांच्या वाटेनं येतो. गाभडलेल्या म्हशीच्या वारेत आणि पाण्यात जंतूंचा अक्षरशः सडा असतो. हाताला वैरण कापताना लागलेलं असतंच, कातडी फुटलेली असते. आणि तो हात बहुतेक वेळा बाईचा असतो. गोठा झाडणं, वार उचलणं, रेडकू पुसणं ही कामं कुणी वाटून दिलेली नाहीत, तीच करते. तुमच्या केसपेपरवर तिच्या व्यवसायापुढं 'गृहिणी' लिहिलेलं असतं. तो एक शब्द तिथं आहे म्हणून पुढचा प्रश्न विचारला जात नाही. माझी पहिली विनंती तेवढीच आहे. तिथं 'घरी जनावरं आहेत का, गेल्या सहा महिन्यांत एखादं गाभडलं का' एवढी ओळ वाढवा. विचारायला अर्धं मिनिट लागतं. गरोदर बाईला तर हे जरूर विचारा, कारण या जंतूनं माणसातही गर्भपात होऊ शकतो.

दुधाच्या वाटेचा एक अपवाद मात्र आपल्या शहरातच आहे आणि त्याबद्दल बोलताना माझा जीव थोडा खालीवर होतो. गंगावेशीतला दूध कट्टा. संध्याकाळी पंढरपुरी म्हशी येऊन उभ्या राहतात, तलवारीसारखी लांब शिंगं पाठीवर टाकून. गवळी ग्लास धरून थेट त्यात धार सोडतो, वर फेसाचा डोंगर. तालमीतली पोरं, आजोबांचं बोट धरून आलेली नातवंडं, रात्री जेवून फिरायला निघालेली जोडपी, सगळे तिथं उभ्या उभ्या पितात. मीही वडिलांच्या सायकलवर पुढं बसून जायचे. ओठांवरचा तो कोमट फेस मला आजही आठवतो. शाहू महाराजांनी कुस्तीला आणि पैलवानाला जी प्रतिष्ठा दिली, तिच्यातच हे दूध मुरलेलं आहे. कट्टा बंद करा असं मी कधी म्हणणार नाही. माझं म्हणणं आहे की कट्ट्यावर उभी राहणारी प्रत्येक म्हैस वर्षातून दोनदा तपासलेली असावी आणि तिच्या गळ्यात तसा बिल्ला असावा. गवळी मंडळींशी मी बोलले आहे. त्यांना आपल्या म्हशीचा अभिमान आहे. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात घुंगुरमाळा घालून ते तिला मिरवतात. तपासणीचा बिल्लाही ते अभिमानानंच मिरवतील. पण त्यांनी मला एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर माझ्या एकटीकडं नाही: "बाई, आजवर कट्ट्यावरचं दूध पिऊन कुणी आजारी पडलंय का, ते तर सांगा." पडलं असेल तर ते तुमच्या ओपीडीत आलं असेल. तिथं कुणी विचारलं नसेल तर ते आपल्याला कधीच कळणार नाही.

म्हणून हे पत्र. मला तुमच्याबरोबर अभ्यास करायचा आहे.

अभ्यास म्हटल्यावर मोठ्या इमारती डोळ्यांपुढं येतात. नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ (माणूस आणि जनावर यांचं आरोग्य एकच धरून बघणाऱ्या) संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली, तिचा मला आनंदच आहे. पण भोगावतीकाठच्या सोप्यावरचा प्रश्न तिथून सुटायचा नाही. तो इथंच, दोन मोटारसायकली एका दारात लागल्यावर सुटेल. माझ्या डोक्यात आहे ते असं. वैद्यकीय महाविद्यालयातल्या एमडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात एमव्हीएस्सी, म्हणजे आमची पदव्युत्तर पदवी, करणाऱ्यालाही लिहावा लागतो. दरवर्षी हे दोघं वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या विषयांवर कष्ट करतात. त्यातल्या एका जोडीला एकच गाव द्या. तीच घरं, तोच आठवडा. तुमचा विद्यार्थी माणसांचं रक्त घेईल, आमचा म्हशींचं. शिरवळ इथून पावणेदोनशे किलोमीटर आहे, राहायची सोय गावात करता येते, मी स्वतः चार ठिकाणी विचारून ठेवलं आहे.

आणि तपासणीसुद्धा एकच आहे, हे सांगताना मला दरवेळी नव्यानं नवल वाटतं. रोझ बेंगॉल. काचेच्या पट्टीवर रक्तद्रवाचा एक थेंब, शेजारी गुलाबी औषधाचा एक थेंब, काडीनं कालवायचे आणि पट्टी हातात धरून चार मिनिटं हलकी हलकी डोलवायची. जंतूविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर गुलाबी पाण्यात कण धरतात, दूध नासल्यासारखे. नसतील तर पाणी एकसंध राहतं. म्हशीचं रक्त असो वा तिची धार काढणाऱ्या बाईचं, गुलाबी थेंब तोच. एका पट्टीवर मी म्हशीचा आणि तिच्या मालकिणीचा थेंब शेजारी शेजारी बघायला तयार आहे. पॉझिटिव्ह निघेल त्याची पुढची पक्की तपासणी प्रयोगशाळेत व्हावी. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, लावाल तेव्हा मात्र प्रयोगशाळेला आधी सांगून लावा. हा जंतू तंत्रज्ञांनाही धरतो, आणि बेसावध तंत्रज्ञाला आधी धरतो.

गावं निवडताना फक्त करवीर-कागल धरू नका. गगनबावड्याच्या पावसातला गोठा आणि शिरोळच्या सपाट मळीतला गोठा यांत फरक आहे. पेठ वडगावच्या बाजारातून जनावरं कुठून कुठं जातात तेही या नकाशात यायला हवं, कारण गाभडलेली म्हैस पुष्कळदा पहिल्यांदा तिथंच जाते.

इथं सगळ्यात अवघड गोष्ट येते, आणि ती टाळून मी पुढं गेले तर खोटं बोलल्यासारखं होईल. म्हैस पॉझिटिव्ह निघाली तर शेतकऱ्यानं काय करायचं? लाखभर रुपयांची म्हैस, अजून कर्ज फिटायचं आहे. आम्ही सांगतो की तिला वेगळी बांधा, विताना मोजे घाला, वार चुना टाकून खोल पुरा, दूध उकळा. तो मान डोलावतो आणि पुढच्या बाजारी ती विकतो. मग ती दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन गाभडते. त्याला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मीही त्याच्या जागी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मला देता येत नाही. पण एक गोष्ट मी त्या घरी पाहिली. सुनेचं निदान झाल्यावर सासऱ्यांनी त्या दोन म्हशी विकल्या नाहीत. मी सांगितलेलं सगळं अक्षर न् अक्षर पाळलं. माझ्या सांगण्यानं जे झालं नसतं ते तुमच्या सांगण्यानं झालं, कारण तुम्ही त्यांना म्हणालात, "हा ताप तुमच्या म्हशीचा आहे, आणि उद्या नातवालाही होऊ शकतो." जनावरांच्या डॉक्टरचं बोलणं लोक जनावरापुरतं ऐकतात. तुमचं बोलणं घरापुरतं ऐकतात. मला तुमचं बोलणं हवं आहे.

लसीचंही तसंच. माणसासाठी या रोगाची लस नाही. जनावरासाठी आहे, पण ती फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच द्यायची. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या खुरकुताबरोबर ब्रुसेलाही आहे. लस जिवंत जंतूची असते, टोचताना सुई हाताला लागली तर आम्हालाच आजार होऊ शकतो. माझे कितीतरी सहकारी ही लस रोज टोचतात. त्यांच्यापैकी कुणी ताप घेऊन तुमच्याकडं आलं तर त्यांच्या बोटांकडंही बघा. माझी स्वतःची तपासणी मी सुनेच्या निदानानंतर करून घेतली. रक्तात खुणा निघाल्या, आजार नाही. कुठल्या गोठ्यात, कुठल्या वर्षी लागण झाली, मला सांगता येणार नाही. लसीकरणाचा दिवस येतो तेव्हा पुष्कळ घरी 'रेडी अजून लहान हाय, पुढच्या टायमाला बगू' असं ऐकावं लागतं. पुढच्या वेळी तिचं वय निघून गेलेलं असतं. आशाताई बाळाच्या लसीची तारीख विसरत नाहीत. त्याच घरात रेडी आहे का एवढं त्यांनी वहीत लिहून मला कळवलं तर आमची निम्मी धावपळ वाचेल. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे हे मला कळतं, त्यामुळं त्याचं वेगळं मानधन द्यावं असं मी लिहून मागणार आहे.

ब्रुसेला हे एकच उदाहरण आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की आपण सगळे माणसं आणि जनावरं एकाच शाळेच्या आवारात आणून बसवतो. २०१९ ला बसवली, २०२१ ला बसवली. मग पाणी ओसरल्यावर चिखलातून अनवाणी गोठे साफ करणारे लोक लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप घेऊन तुमच्याकडं येतात आणि लेप्टोनं गाभडलेल्या गाई माझ्याकडं येतात. तुमची नोंद आरोग्य विभागात, माझी पशुसंवर्धनात. कुठल्या गल्लीत दोन्ही आहेत हे नकाशावर एका रंगात बघायला कुणाला सापडत नाही. चंदगडच्या पलीकडं दोडामार्गात २०१६ साली माकडतापानं माणसं दगावली. त्या तापाची गोष्ट तर आपल्याजवळचीच आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडत होती आणि आसपासच्या गावांत लोक तापानं फणफणत होते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या मंडळींनी माणसाचं रक्त, माकडाचं शव आणि जंगलातली गोचीड हे तिन्ही एकत्र तपासले, म्हणून तो विषाणू सापडला. नुसती माणसं तपासत बसले असते तर तो एक अनाम ताप राहिला असता. आपल्या पणज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. प्लेगच्या वर्षांत घरात उंदीर पडला की माणूस आजारी पडायची वाट न बघता गाव रानात राहायला जायचं.

तुमच्या काही शंका मला आधीच माहीत आहेत. माणसाच्या अभ्यासाला एक नीतिमत्ता समिती, जनावराच्या अभ्यासाला दुसरी. पैसा एका मंत्रालयाचा नाहीतर दुसऱ्याचा. रुग्णाचं नाव मला कळता कामा नये, हेही बरोबर आहे. मला नाव नकोच. गाव, महिना आणि 'घरात जनावर होय की नाही' एवढं पुरे. त्या बदल्यात माझ्या भागातल्या प्रत्येक गाभडलेल्या जनावराची गावनिहाय यादी मी दर महिन्याला तुम्हाला द्यायला तयार आहे. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो, नोंदी चुकत नाहीत. माझ्या वरिष्ठांकडं परवानगीचा अर्ज मी केला आहे. तुमच्याकडून एक अर्ज गेला तर दोन्ही अर्ज एका टेबलावर येतील.

आणखी एक अट मात्र माझी आहे. अभ्यास झाला की निकाल आधी त्या घरांना सांगायचा, नियतकालिकाला नंतर. रक्त घेऊन गेलेले लोक परत आलेच नाहीत, असा अनुभव आमच्या गावांना पुष्कळ आहे. पॉझिटिव्ह निघालेल्या बाईला सहा आठवड्यांच्या गोळ्या पूर्ण मिळतील आणि मध्येच ताप उतरला म्हणून ती त्या सोडणार नाही, ही जबाबदारी तुमची. तिच्या गोठ्यात पुढची तीन वेतं मी लक्ष ठेवीन, ही माझी. अर्धवट औषधानं हा आजार परत उलटतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

माणूस आजारी पडला तर १०८ आणि जनावर आजारी पडलं तर १९६२, असे दोन नंबर त्या घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेत, एकाखाली एक. परवा गेले तेव्हा सुनेनं त्याच्याखाली आमच्या दोघांचे नंबरही लिहून ठेवलेले दिसले, तुमच्यातल्या त्या एका डॉक्टरांचा आणि माझा.

तिच्या तिसऱ्या म्हशीचे दिवस भरत आलेत. येत्या अमावस्येच्या आसपास विईल. ही ती निगेटिव्ह निघालेली, पण तिचं, तिच्या रेडकाचं आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासायचं आम्ही ठरवलं आहे. मी पहाटे साडेपाचला धारेच्या वेळी तिथं असेन. बर्फाची पेटी, पट्ट्या आणि गुलाबी औषध मी आणते. माणसांच्या नळ्या आणि सुया तुमच्यापैकी कुणीतरी घेऊन या. मोजे माझ्याकडं जास्तीचे आहेत, सुनेसाठीही एक जोडी वेगळी ठेवली आहे.

आपली,
एक पशुवैद्यक,
करवीर तालुका, जि. कोल्हापूर